बॉनेट उघडा : फाउंडेशन गेलंय, घरी बदलू का?

उन्हाळा सरत आला की ‘गाडी थरथरते’ अशी पत्रं वाढतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो आणि बॉनेटखालचं रबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. वर्षभर कसंबसं तग धरून असलेलं जुनं रबर याच दिवसांत मान टाकतं. म्हणून या वेळचं पान सगळं फाउंडेशनला, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं त्यांना दिलंय. बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तरं देतो. ब्रेकबद्दल लिहिलेल्यांनी मात्र अंकाची वाट बघू नका, गाडी आधी दाखवून घ्या.

प्रश्न : काका, नमस्कार. मी शाळेत शिक्षक आहे. माझी २०१३ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, नव्वद हजारांच्या वर चाललीय. सात रस्त्याला सिग्नलवर एसी चालू ठेवून थांबलो की स्टिअरिंग, सीट, आरसा, सगळं थरथरतं. क्लच सोडताना आणि रिव्हर्स टाकून निघताना खालून ‘धाड्’ असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणाले, तिन्ही फाउंडेशन गेलीत, साडेनऊ हजार होतील. माझ्याकडे पान्यांचा सेट आहे, टायर बदलायचा जॅक आहे आणि शाळा उघडायला अजून वेळ आहे. हे काम घरी जमेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, जमेल. पण तिन्ही नाही, आणि त्या जॅकने तर अजिबात नाही.

तुम्ही दोन तक्रारी एकत्र लिहिल्यात, त्या आधी वेगळ्या करू. थरथर वेगळी, धाड् वेगळी. तुमच्यासारख्या गाडीत पुढची चाकं गाडी ओढतात आणि इंजिन आडवं बसवलेलं असतं. बहुतेक गाड्यांत त्याला तीन जागी धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाचं फाउंडेशन, डाव्या बाजूला बॅटरीच्या खाली गिअरबॉक्सचं. हे दोघं वजन पेलतात. तिसरं खाली, मागच्या बाजूला, एका आखूड दांडीसारखं असतं आणि तिच्या टोकांना रबराचे बुश, म्हणजे रबर भरलेली कडी असतात. कोणी त्याला टॉर्क रॉड म्हणतं, कोणी नुसतं ‘मागचं फाउंडेशन’. त्याच्यावर वजन नसतं. इंजिनाने झोका घेऊ नये, एवढ्यासाठी ते असतं.

आता गंमत बघा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाईतो दहा-पंधरा पट होतो. चाक ज्या जोराने फिरतं त्याच जोराने इंजिन उलट्या बाजूला फिरायला बघतं. तो हिसका टॉर्क रॉडचं रबर सोसतं. रबर फाटलं की लोखंड लोखंडावर जाऊन आपटतं. पुढे निघताना एकदा, रिव्हर्सला उलट्या बाजूने एकदा. तुमची ‘धाड्’ तिथली आहे, हे मी पत्रावरूनही बऱ्यापैकी खात्रीने सांगतो.

थरथरीबद्दल मात्र एवढ्या खात्रीने सांगणार नाही. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा पेटतं. तो प्रत्येक ठोका गाडीच्या पत्र्यापर्यंत पोचू न देणं हे वरच्या दोन फाउंडेशनचं काम. १९३१ साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने प्लायमाउथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवलं आणि ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणून त्याचा गाजावाजा केला. तोपर्यंत चार सिलिंडरच्या गाडीने हात-पाय बधिर करायचे, हे लोकांनी गृहीतच धरलेलं होतं. आपल्या गाड्यांत आजही तत्त्व तेच आहे. इंजिन ज्या आसाभोवती स्वतःहून डुलायला बघतं, साधारण त्या आसाच्या दोन टोकांना त्याला रबरावर टांगायचं आणि डुलणं तिसऱ्याने आवरायचं. पण इंजिन मुळातच वेडंवाकडं पेटत असेल तर नवं रबर तरी काय करणार?

तेव्हा पैसे काढण्याआधी हे बघा. एसी बंद केल्यावर थरथर पूर्ण जाते का? जात असेल तर एसीचा भार पडल्यावर आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं, सावरतंय का ते तपासा. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनाला हवा सोडणाऱ्या झडपेत, काजळी धरली की इंजिन तिथे दबतं, आणि स्वच्छ केली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा, टेकवू नका. फूत्कार एकसारखे येतायत की मध्येच एखादा चुकतोय? चुकत असेल तर गाडी मिसिंग मारतेय. प्लग आणि कॉइल बघा. अर्धा क्लच धरल्यावर गाडी सलग गचके देत निघत असेल तर ते क्लच प्लेटचं दुखणं. फाउंडेशनचा धक्का एकदाच बसतो, गचक्यांची माळ लागत नाही.

एवढं करून संशय फाउंडेशनवरच राहिला तर त्याची परीक्षा घ्या. सपाट जागा, हँडब्रेक घट्ट, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, बॉनेट उघडं. वहिनींना किंवा गाडी चालवता येणाऱ्या कोणालाही आत बसवा. त्यांनी ब्रेक पूर्ण दाबून, पहिला गिअर टाकून, क्लच किंचित, फक्त गाडीला ओढ लागेल इतकाच सोडायचा आणि लगेच पुन्हा दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला, फेंडरजवळ उभे राहा. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, हे मी पोरांना रोज ओरडून सांगतो. चांगलं इंजिन थोडं मान हलवतं, तेवढं चालतं. टॉर्क रॉड गेलेलं इंजिन मात्र सरळ उठून बसतं. आमच्याकडचा नवा पोरगा पहिल्यांदा बघून म्हणाला होता, “काका, हे तर नाचायलंय की ओ!”

दुसरी परीक्षा टॉर्चची. रबरावरच्या बारीक, केसासारख्या भेगांना घाबरू नका. दहा वर्षांच्या रबराला त्या असणारच. रबर लोखंडापासून सुटलंय का, ते बघायचं. ट्रॉली जॅकवर (चाकांवर सरकणारा जॅक) लाकडी फळी ठेवून तो चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली लावा आणि इंजिन अगदी किंचित उचला. निरोगी फाउंडेशनचं रबर ताणलं जाताना दिसतं. मेलेल्या फाउंडेशनची भेग तोंड उघडते आणि पलीकडचा उजेड दिसतो. तसा उजेड दिसला की ते फाउंडेशन बदलायचंच. नखाने दाबूनही बघा. जुनं रबर आपल्या कडक भाकरीसारखं झालेलं असतं, दाबलं तर दबत नाही आणि वाकवलं तर तुटतं. तसलं रबर दिसायला अखंड असलं तरी थरथर अडवत नाही, उलट जशीच्या तशी पत्र्याला देतं.

आता घरच्या कामाकडे येऊ. डिक्कीतला कातरीसारखा जॅक टायर बदलण्यापुरता असतो, इंजिन धरायला नाही. दोन टनी ट्रॉली जॅक लागेल आणि गाडीखाली शिरायचं असेल तर घोड्यांची, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची जोडी. विटा रचून गाडी टेकवू नका. वीट भार पेलते पेलते आणि कोणाला न विचारता फुटते. जुळे सोलापूरला बऱ्याच घरांच्या अंगणात शहाबादी फरशी असते. एखादी फरशी खालून पोकळ असेल तर घोडीच्या एका पायाखाली ती तडकते. म्हणून जाड प्लायवूडचा तुकडा खाली घाला. प्लायवूड मोठा घ्या, कारण वर जाताना ट्रॉली जॅकची चाकं थोडी सरकतात आणि ती सरकायलाच हवीत, नाहीतर जॅक तिरपा ओढतो. काम सकाळी सहाला सुरू करा. दहानंतर ऊन अंगणात आलं की माणूस घाई करतो.

सुरुवात टॉर्क रॉडपासून. त्याच्यावर इंजिनाचं वजन नसल्याने तो काढला म्हणून इंजिन खाली येत नाही. बहुतेक गाड्यांत दोन-तीन बोल्टचा खेळ असतो. गाडी घोड्यांवर घ्या, हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली जा. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड झालेले असले पाहिजेत. टॉर्क रॉड बऱ्याचदा सायलेन्सरच्या पाइपला लागूनच असतो. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तसं सोलापूरच्या कोरड्या हवेत बोल्ट कोकणातल्यासारखे गंजून एकजीव होत नाहीत, पण धूळ आणि तेल मिळून जो काळा राप बसतो त्याने पाना नीट बसत नाही. आधी ब्रशने डोकं साफ करा. बारा टोकांच्या सॉकेटपेक्षा सहा टोकांचा बरा, बोल्टचे कोपरे गोल होत नाहीत.

जुना रॉड निघाला की इंजिन थोडं पुढे-मागे झालेलं असतं आणि नव्याचं भोक जुळत नाही. इथे माणसं हातोडी घेतात. घेऊ नका. भोकातून बघितलं तर पूर्ण गोलाऐवजी उजेडाची चंद्रकोर दिसेल. कोर कोणत्या बाजूला आहे ते बघा, ती मोठी होईल तिकडे इंजिन हाताने ढकला, नाहीतर फळी लावलेल्या जॅकला एकच हलका पंप द्या. कोर भरत भरत गोल होते आणि बोल्ट बोटाने आत जातो. बोटाने गेला नाही तर तो सरळ नाही असं समजा. पान्याने ओढून बसवायला गेलात की अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे आटे गेलेच, आणि मग साडेनऊ हजार स्वस्त वाटतील.

टॉर्क रॉड बदलून चार दिवस गाडी चालवा. धाड् गेली आणि थरथरही सुसह्य झाली तर तिथेच थांबा. ‘तिन्ही एकदम बदला’ हा सल्ला प्रत्येक वेळी चुकीचा नसतो. एक मेलं की त्याचा भार बाकीच्या दोघांवर येतो आणि तीही लवकर थकतात. पण ज्याचं रबर धड आहे ते वयाकडे बघून काढायला मी तयार नाही.

थरथर राहिलीच तर उजव्या बाजूचं फाउंडेशन. हे वरून, बॉनेटमधून करता येतं. पण याच्यावर अर्ध्या इंजिनाचं वजन आहे, त्यामुळे आधी जॅक आणि फळी. फळी निदान वीतभर रुंद हवी, म्हणजे चेंबरच्या पत्र्याला एका जागी चेपा बसणार नाही. चेपलेलं चेंबर आतल्या तेलाच्या जाळीला टेकलं तर इंजिनाला तेल कमी पडतं, ते संकट फाउंडेशनपेक्षा मोठं. तुमच्या गाडीचं चेंबर अॅल्युमिनियमचं असेल किंवा मॅन्युअलमध्ये दुसरी जागा दाखवली असेल तर तिथेच टेका. जॅकने इंजिन उचलायचं नाही, फक्त हात द्यायचा. बोल्ट सैल करताना तो सहज फिरतोय आणि इंजिन खाली-वर होत नाहीये, म्हणजे जॅक बरोबर जागी आणि बरोबर उंचीला आहे. एका वेळी एकच फाउंडेशन सुटलेलं असावं. एसीचे पाइप, रेडिएटरचे होज, वायरिंग कुठे ताणलं जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा. इंजिन बोटभर खाली आलं तरी होज खेचला जातो.

डावीकडचं फाउंडेशन घरी करू नका, असं माझं मत. बॅटरी काढा, तिचा ट्रे काढा, काही गाड्यांत तिथल्या वायरिंगला आणि कंट्रोल युनिटला हात लावा, आणि एवढं करून गिअरबॉक्स अधांतरी. तेवढं एक त्या गॅरेजवाल्यांकडून करून घ्या. त्यांनाही जगायचंय.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहिलं ते सांगतो. बोल्ट काढणं हे काम नाही, ते कोणीही करतो. शेवटचं आवळणं हे काम आहे. सगळे बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवा, पान्याने फक्त टेकवा. मग जॅक हळूहळू सोडा आणि इंजिनाचं वजन नव्या रबरावर येऊ द्या. गिअर न्यूट्रल ठेवा आणि दोन्ही हातांनी इंजिन पुढे-मागे पाच-सहा वेळा हलवा. ते स्वतःच्या जागी येऊन स्थिरावतं. तसं स्थिर झाल्यावर, इंजिन बंदच ठेवून, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘कट्’ वाजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला बोल्ट आवळा. टॉर्क रॉडचे सगळ्यात शेवटी. इंजिन जॅकवर टांगलेलं असतानाच बोल्ट आवळले तर रबर जन्मापासून पिळलेलं राहतं. गाडी थांबलेली असतानाही ते ओढ सहन करत असतं. मग सहा महिन्यांत माणूस ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो.

आणि हो, उजव्या फाउंडेशनच्या बरोबर वर बघा. बऱ्याच गाड्यांत टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग झिरपून तेल थेंब थेंब तिथेच पडत असतं. या रबराला खनिज तेल चालत नाही; ते फुगतं, मऊ पडतं आणि सुटतं. पॅकिंग न बदलता फाउंडेशन बदलणं म्हणजे नव्याला त्याच तेलात बुडवणं. दुसरा शत्रू म्हणजे वॉशिंगवाल्यांची डिझेलची फवारणी. इंजिन चकाचक दिसतं खरं, पण डिझेल प्रत्येक रबरात मुरतं. बॉनेटखाली डिझेल मारू नका असं त्यांना स्पष्ट सांगा. ऐकत नसतील तर तिथे उभे राहा.

प्रश्न : काका, गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये दोन फाउंडेशन बदलून घेतली. धक्का गेला, पण थरथर पहिल्यापेक्षा वाढली. ते म्हणतात, नवीन आहे, महिन्याभरात रुळेल. खरं आहे का?
– एक वाचक भगिनी, होटगी रोड

उत्तर : ताई, थोडं खरं आहे. नवं रबर पहिल्या काही दिवसांत किंचित बसतं आणि जाणवेल न जाणवेल इतका फरक पडतो. पहिल्यापेक्षा वाढलेली थरथर मात्र आपोआप रुळत नाही.

कारण बहुधा दोनपैकी एक. पहिलं, वर सरांना लिहिलं तेच. इंजिन स्थिरावण्याआधी बोल्ट आवळले असतील तर रबर एका बाजूला दाबून बसतं आणि त्याचं लोखंड ब्रॅकेटला टेकतं. हे तपासायला पैसे लागत नाहीत. त्यांना सांगा, इंजिनाखाली आधार द्या, बदललेल्या फाउंडेशनचे बोल्ट सैल करा, इंजिन हलवून बसू द्या आणि पुन्हा आवळा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. चांगला मिस्त्री याला नाही म्हणणार नाही. त्याच वेळी सायलेन्सरचे रबरी हँगरही सैल करून परत लावायला सांगा. इंजिनाची जागा बदलली की पाइप कुठेतरी पत्र्याला टेकतो, त्याची थरथर फाउंडेशनसारखीच वाटते आणि सगळे चुकीच्या जागी शोधत बसतात.

दुसरं कारण म्हणजे रबरच कडक. स्वस्त फाउंडेशनमध्ये बऱ्याचदा कडक रबर असतं. ते टिकतं आणि धक्काही थांबवतं, त्यामुळे बदलणाऱ्याला काम झालं असं वाटतं. जुना पार्ट तुम्हाला परत दिला असेल तर त्यावरचा पार्ट नंबर नव्या खोक्यावरच्या नंबरशी ताडून बघा. पेट्रोल आणि डिझेल मॉडेलची फाउंडेशन दिसायला सारखी आणि भोकंही जुळणारी असू शकतात, पण रबर वेगळं असतं. डिझेलचं पेट्रोलला बसवलं तर तुम्ही लिहिलंय नेमकं तेच होतं.

यापुढे जुना पार्ट मागून घेत जा. त्यात संकोच कसला?

प्रश्न : माझ्या मित्राने फाटलेल्या फाउंडेशनमध्ये काचेला लावायचं काळं सीलंट भरलं आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. वर्षभर गाडी चालू आहे. मी करू का?
– एक वाचक, कुमठा नाका

उत्तर : टॉर्क रॉडला केलं असेल तर मित्राचं नशीब, कारण तो तुटला तरी इंजिन खाली पडत नाही. वजन पेलणाऱ्या फाउंडेशनला असलं काही करू नका. लोखंडाला रबर कारखान्यात दाबाखाली, उष्णतेने चिकटवलेलं असतं. नळीतलं सीलंट ते काम करत नाही. वर पट्टी गुंडाळल्यामुळे आतलं सुटलेलं रबर दिसायचंही बंद होतं. गावाबाहेर अडकलात तर घरी पोचण्यापुरता तात्पुरता जुगाड मी समजू शकतो. वर्षभराचा नाही.

आणखी दोघांनी पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबराऐवजी कडक प्लास्टिकसारख्या बुशबद्दल विचारलंय. ती रेसिंगवाल्यांची चीज आहे. इंजिन जागचं हलत नाही हे खरं, पण सिग्नलवर दात वाजतील. घरातली म्हातारी माणसं घेऊन अक्कलकोट-तुळजापूरला जायच्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : टॉर्क रॉडचा मोठा बुश वेगळा मिळाला, पूर्ण रॉड घ्यावा लागला नाही. पण जुना निघत नाही. जाळून काढतात असं ऐकलं.
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : जाळू नका. रबराचा काळा धूर अंगणभर, शेजारीपाजारी, आणि छातीत. शिवाय ब्रॅकेट अॅल्युमिनियमचं असेल तर उष्णतेने त्याची ताकद कमी होते.

काढण्याआधी जुन्या बुशमधली पोकळी कोणत्या दिशेला आहे ते रॉडवर पेंटने रेघ मारून ठेवा. बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या चंद्राकृती खाचा असतात. एका दिशेने तो मऊ, दुसऱ्या दिशेने ताठ राहावा म्हणून. नवा बुश आडवातिडवा बसवला तर नव्या बुशावरही गाडी गचके देते. मग मधलं रबर ड्रिलने पोखरून काढा आणि बाहेरच्या पत्र्याच्या कड्याला आतून हॅकसॉ ब्लेडने एक काप द्या. काप कड्यातच थांबला पाहिजे, रॉडच्या भोकावर चर पडता कामा नये. काप गेला की कडं आत दुमडतं आणि निघतं.

बसवायचं काम मात्र प्रेसवर करा. सोलापूरला आलात तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत, त्यांच्याकडे हे काही मिनिटांचं काम. दाब बाहेरच्या कड्यावर येईल असा पाइपचा तुकडा लावायला सांगा. मधल्या नळीवर दाब दिला तर रबर बसायच्या आधीच फाटतं. सरकायला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, कारण वर लिहिलंय तेच.

प्रश्न : डिझेल गाडी आहे. उजव्या फाउंडेशनखाली काळा ओघळ दिसतो. गॅरेजमध्ये म्हणाले, आतलं तेल गेलं. फाउंडेशनमध्ये तेल कसलं? परत भरता येतं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ते हायड्रॉलिक फाउंडेशन आहे. रबराच्या आत दोन कप्पे आणि त्यांना जोडणारी अरुंद वाट असते, आणि त्यात ग्लायकॉलचं मिश्रण भरलेलं असतं. इंजिन उसळलं की ते एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकललं जातं आणि उसळी जिरते. खड्ड्यात जोराने रोखायचं आणि आयडलिंगला मऊ राहायचं, ही दोन्ही कामं साध्या रबराला एकाच वेळी नीट जमत नाहीत, म्हणून ही व्यवस्था. ओघळ आला म्हणजे पडदा फाटला. परत भरता येत नाही, पूर्ण बदलावं लागतं. स्वस्त पडतं म्हणून त्या जागी नुसत्या रबराचं बसवून घेऊ नका. डिझेलचे ठोके मुळात जड, महिन्याभरात मला दुसरं पत्र लिहाल. आणि बदलण्याआधी वर टॅपेट कव्हर पुसून बघा. ओघळ तिथून आलेल्या इंजिन ऑइलचा असेल तर फाउंडेशन शाबूत असू शकतं.

प्रश्न : टॉर्क रेंच घ्यायलाच हवा का? आमच्याकडचे मिस्त्री हाताच्या अंदाजाने आवळतात.
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : ज्याने आयुष्यभर पाना धरलाय त्याच्या अंदाजावर मी बोलत नाही. तुमच्या-आमच्या घरी, वर्षातून एकदा पाना धरणाऱ्याने अंदाजाने आवळलं तर एक तर सैल राहतं नाहीतर आटे जातात. एवढ्या एका कामासाठी विकत घेऊ नका. ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा. मॅन्युअलमधला आकडा न्यूटन-मीटरमध्ये आहे की किलोग्रॅम-मीटरमध्ये ते आधी बघा. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, त्यात गल्लत झाली तर बोल्ट तुटेल. ‘कट्’ झालं की थांबा, खात्रीसाठी म्हणून आणखी एक झटका देऊ नका. बोल्ट सोडवायला तो पाना वापरू नका. परत देताना आतली स्प्रिंग सैल करून, म्हणजे मूठ फिरवून सर्वांत खालच्या आकड्यावर आणून द्या, म्हणजे पुढच्या वेळी मागायला तोंड राहील.